संगीत पदोन्नतीचा एकमेव प्रयोग

दुपारी अडीच वाजता माणसाला कोणी काही विचारू नये, असा कायदा करायला हवा. निदान मला तरी विचारू नये. त्या वेळी मी कंपनीच्या स्टोअरमध्ये माझ्या खुर्चीत असतो. वर पंखा एकाच लयीत किरकिरत असतो, उंच झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ अगदी सावकाश, कुणाचीही परवानगी न घेता तरंगत असते, आणि चारी बाजूंना रॅकवर बिजागऱ्या. आमची कंपनी बिजागऱ्या बनवते. पितळी, पोलादी, कपाटाच्या, फाटकाच्या. जगातलं कुठलंही दार आमच्याशिवाय उघडत नाही की लागत नाही, असं मोठे साहेब दर वर्षी भाषणात सांगतात. अशा जागी जेवलेला माणूस झोपतो असं काही लोक म्हणतात. ते खोटं आहे. त्याची तंद्री लागते. झोप आणि तंद्री यांतला फरक मी गेली एकोणीस वर्षं लोकांना समजावून सांगतो आहे, पण ऐकताना लोकच जांभया देतात.

तर त्या दिवशी माझी तंद्री लागली होती आणि तंद्रीत मला आमच्या स्टोअरमधली लाकडी शिडी दिसत होती. एरवी ती वरच्या रॅकपाशी संपते. त्या दिवशी ती छपरातून आरपार वर गेली होती. प्रत्येक पायरीवर एकेक माणूस चहाचा कप घेऊन बसला होता आणि सगळे मिळून 'होय साहेब' असं गात होते. खालचा खर्जात, त्याच्या वरचा जरा चढ्या आवाजात, आणि अगदी वरचे तर ढगात असल्यामुळे नुसतेच ऐकू येत होते. एक चौथी पायरी तेवढी रिकामी दिसली म्हणून मी तिच्यावर पाय टाकणार, तेवढ्यात कुणीतरी माझा खांदा हलवून विचारलं, "मग, तुम्ही काय करणार?"

"संगीत नाटक," मी म्हणालो.

डोळे उघडून बघतो तर समोर आमचे वेल्फेअर ऑफिसर. कंपनीला पन्नास वर्षं होत होती आणि त्यानिमित्त प्रत्येक विभागानं काहीतरी सादर करायचं, असं परिपत्रक घेऊन ते फिरत होते. माझं उत्तर त्यांनी लिहूनही घेतलं होतं. आता 'अहो, मी झोपेत बोललो' म्हणावं, तर कामाच्या वेळेत झोपल्याची कबुली. म्हणून मी चेहरा शक्य तितका गंभीर केला आणि म्हणालो, "तीन अंकी."

संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा बायको शेंगा निवडत बसली होती. ती शाळेत गाणं शिकवते. आधी ती एवढी हसली की शेंगा परातीतून खाली सांडल्या. मग हसू ओसरल्यावर, खाली सांडलेल्या गोळा करता करता तिनं विचारलं, "अहो, पण खालच्या पायरीवरचा नेमका कुठल्या सुरात गात होता?"

"आता स्वप्नातला सूर मी कसा सांगणार?"

"शिडीला पायऱ्या किती?"

"आठ."

"आठ!" ती म्हणाली आणि शेंगा तशाच टाकून पेटी काढून बसली. "मग सरळच आहे. पहिल्या पायरीवर सा, दुसरीवर रे, असं वर वर जायचं. प्रत्येक पायरीला तोच 'होय साहेब', फक्त एकेक सूर चढा. आणि सगळ्यात वर पोचल्यावर काय लागतं, सांगा?"

"काय?"

"पुन्हा सा! तोच, जो खाली होता. फक्त आता घसा ताणून."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मला स्वप्न पडलं होतं, पण त्यात नाटक आहे हे तिला दिसलं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते घड्याळानं गेलेच नाहीत. मी ऑफिसात मागणीपत्रांच्या पाठीवर संवाद आणि गाणी लिहायचो. संध्याकाळी गॅलरीत बसून तिला वाचून दाखवायचो, आणि ती गाण्यांना चाली लावायची. नाटकाचं नाव ठरलं 'संगीत पदोन्नती'. एक साधा कारकून फक्त होकाराच्या जोरावर शिडी चढत जातो, अशी गोष्ट. साहेब त्याला मधूनमधून अगदी अशक्य प्रश्न विचारतात आणि तो दर वेळी वरच्या सुरात हो म्हणतो. समूहगीत असं होतं:

*साहेब म्हणती झाली रात, आम्ही लगेच लावू वात,*
*साहेब थोडे हसले की आम्ही सगळे दाखवू दात!*

पण नाटकाचा जीव होता सातव्या गाण्यात. कारकून सगळ्यात वर पोचतो, तिथं कुणीच नसतं, आणि तो पहिल्यांदा आयुष्यात 'नाही' म्हणतो. हे गाणं शब्दांसकट बायकोनंच केलं. एका संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहून गुणगुणायला लागली आणि समोरच्या इमारतीत दोरीवरचे कपडे काढणारी बाई हातात वाळलेली चादर घेऊन तशीच थांबली.

*घाई नाही, घाई नाही, आज मुळी मज घाई नाही,*
*ऊन सांडले टेबलावरती, त्यावर कुणाची सही नाही,*
*वारा आला, निघून गेला, नोंद कराया वही नाही…*

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "चहा टाकू का?" आमच्याकडे याला दाद म्हणतात.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. त्यांना सगळी इमारत काका म्हणते आणि ते सगळ्या इमारतीला सल्ला देतात. नाटकाची बातमी जिन्यातून खाली उतरली आणि काका जिन्यातून वर चढले.

"शिडीवर नाटक करताय म्हणे," खुर्चीत बसत ते म्हणाले. "मी छत्तीस वर्षं शिडीवर काढली. एक सांगतो, लिहून घ्या. शिडी चढताना वर बघायचं नाही आणि खाली तर मुळीच बघायचं नाही."

"मग बघायचं कुठं, काका?"

"वरच्या माणसाच्या बुटाकडे. तो हलला की आपण हलायचं."

"आणि तो हललाच नाही तर?"

काकांनी जरा विचार केला. "मी हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झालो," ते म्हणाले.

आता कलाकारांचं बघू. नायकाच्या भूमिकेसाठी आमच्या आवक-जावक विभागातला टपाल कारकून निवडला. त्याला सगळे आवकजावक असंच म्हणतात. उंच, देखणा, केस दाट, आणि मान डोलावणं असं की समोरच्याला आपण फार मोठं काहीतरी बोललो असं वाटावं. त्याच्यात फक्त एक उणीव होती. त्याला गाता येत नव्हतं. बायकोनं त्याला पंधरा दिवस सूर शिकवले. सोळाव्या दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सा येतो त्यांना. बाकीचे सहाही तिथंच येतात." म्हणून ठरलं की तो नुसती मान डोलावणार आणि त्याची गाणी ती पेटीपाशी बसून म्हणणार.

मग शिडी. ती आमच्याच स्टोअरमधून घ्यायची होती, म्हणजे माझ्याकडून मलाच. मी रीतसर मागणीपत्र भरलं, वस्तू घेणारा म्हणून सही केली, वस्तू देणारा म्हणून सही केली आणि समाधानानं फाइलला लावलं. दुसऱ्या दिवशी कागद परत. शेरा: 'देणारा व घेणारा एकच व्यक्ती असता कामा नये.' एकोणीस वर्षं हा नियम मी दुसऱ्यांना दाखवत आलो होतो. आज तो माझ्याकडे वळून बघत होता. शेवटी आवकजावकच्या नावावर शिडी दिली, आणि ती तुटल्यास तो जबाबदार राहील असं लिहून घेतलं. त्यानं मान डोलावून सही केली.

शिडी कँटीनमध्ये पोचते न पोचते तोच सेफ्टी ऑफिसर हजर. त्यांनी शिडीला हात लावला, हलवली, वाकून बघितली आणि म्हणाले, "तिसऱ्या पायरीच्या वर जाता येणार नाही."

"अहो, पण नायक आठव्या पायरीवर पोचतो. नाटकच ते आहे!"

"मग तिसरीपर्यंतचंच नाटक करा. आणि तिसरीवर हेल्मेट, पट्टा लागेल."

"प्रेमगीतात पण?"

"घसरणारा माणूस कुठलंही गाणं म्हणताना घसरू शकतो," ते म्हणाले. जाता जाता त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. आपल्या कंपनीत एरवी तरी तिसरीच्या वर कोण गेलंय?"

इथवर ठीक होतं. पण नाटकाची संहिता मंजुरीसाठी वर पाठवावी लागते हे मला माहीत नव्हतं. आमच्या कंपनीत फाइल वर जाते ती फुग्यासारखी, आणि खाली येते ती दगडासारखी. पहिल्या टप्प्याला माझे साहेब. त्यांनी बोलावून घेतलं.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "पण दुसऱ्या अंकातला साहेब चष्मा कपाळावर चढवून टेबलावर चष्मा शोधतो. हे मुद्दाम?"

"नाही साहेब. कल्पना."

"कल्पना जरा कमी करा," असं म्हणून ते टेबलावर काहीतरी शोधायला लागले. मी नम्रपणे त्यांच्या कपाळाकडे बघायचं टाळलं.

चष्मा गेला. त्यांच्या वरच्यांना मिशा होत्या, म्हणून नाटकातल्या साहेबाच्या मिशा गेल्या. त्यांच्याही वर टक्कल असलेले दोन साहेब होते, म्हणून टक्कल गेलं. मग खाकरणं गेलं, 'बघू' म्हणण्याची सवय गेली, चहा बशीत ओतणं गेलं. शेवटी कुणीतरी लिहिलं: 'साहेब प्रत्यक्ष दाखवूच नये. त्या जागी केवळ प्रकाश पडावा.' आणि सगळ्यात वरून, हिरव्या शाईत, एक ओळ आली. 'गीत क्र. ७ नकारात्मक आहे. वगळावे. त्याऐवजी कंपनीगीत, बँडसह.'

मी फाइल हातात धरून साहेबांसमोर उभा होतो. ते उठले, त्यांनी दार लावलं. आमच्या कंपनीची दारं मुळीच आवाज करत नाहीत.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "स्टोअरच्या उपव्यवस्थापकाची जागा सहा वर्षं रिकामी आहे. मोठे साहेब नाटकाला येणार आहेत. पुढच्या सोमवारी त्या जागेसाठी बैठक आहे. एका गाण्याचा प्रश्न आहे."

ती जागा म्हणजे स्टोअरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या आवरणातली एक खुर्ची. मी रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकतो. त्या क्षणी ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली आणि उन्हाच्या पट्ट्यात जरा वर उचलली गेल्यासारखी वाटली. पुढे काय झालं ते मला धूसर आठवतं. पण कागदावर स्पष्ट आहे. मी लिहिलं, 'मान्य', आणि खाली सही केली.

बायकोला मी हे सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे चार दिवस गेले. ती रोज गॅलरीत सातवं गाणं म्हणायची, एकेक जागा घासायची. समोरची बाई तर आता दोरीवरचे कपडे काढायला वेळ ठरवूनच यायची. मी आत बसून वर्तमानपत्र उलटं धरून वाचायचो. माणूस मोठा गुन्हा करतो तेव्हा निदान पळून तरी जातो. लहान गुन्हा करणाऱ्याला घरीच जेवावं लागतं.

पाचव्या दिवशी तालमीत वेल्फेअर ऑफिसर येऊन तिला अगदी निष्पापपणे म्हणाले, "वहिनी, सातव्याच्या जागी कंपनीगीत बसलं ना नीट? यांनी तर सोमवारीच मान्य केलंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पेटीचा भाता हळूच मिटला. घरी येताना रस्त्यात ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानाशी आल्यावर तिनं विचारलं, "सही कुठल्या शाईनं केलीत?"

"निळ्या."

"हं."

संसार केलेल्या कुठल्याही माणसाला हा 'हं' माहीत असेल. तो लहान असतो, पण आत गेला की दोन-तीन दिवस उतरत नाही. घरी पोचल्यावर ती म्हणाली, "पेटी मी वाजवीन. शब्द दिलाय. पण तुम्ही मला विचारायला हवं होतं. गाणं काढा म्हणाला असतात, तर मी भांडले असते आणि मग काढलं असतं. आता भांडायला पण काही ठेवलं नाहीत तुम्ही."

चहा टाकू का, हे विचारायचंही धाडस झालं नाही.

प्रयोग शनिवारी दुपारी तीन वाजता, कँटीनच्या हॉलमध्ये. आधी सगळ्या कंपनीचं जेवण झालेलं. टेबलं जोडून रंगमंच, पॅकिंगच्या कापडाचा पडदा, उजव्या बाजूला पेटी घेऊन बायको, डाव्या विंगेत संहिता हातात धरून मी. पहिल्या रांगेत मधोमध मोठे साहेब, गुबगुबीत खुर्चीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना पायरीपायरीनं उतरत गेलेले बाकीचे साहेब. मागे सगळा कारखाना. खिडक्यांतून जाडसर पिवळं ऊन आत येत होतं आणि हॉलभर जेवणानंतरची ऊब साचली होती.

नांदी झाली. पहिलं समूहगीत सुरू झालं. पॅकिंग विभागातले आठ जण, मशीनच्या आवाजावर बोलायची सवय असलेले, छाती भरून 'साहेब म्हणती झाली रात' गाऊ लागले, आणि मोठ्या साहेबांची मान हळूहळू, अगदी आमच्या उत्तम बिजागरीसारखी, उजव्या खांद्यावर कलली.

मोठे साहेब झोपले.

हे आधी त्यांच्या उजवीकडच्यांना दिसलं, मग डावीकडच्यांना. माझे साहेब ताडकन उठले, वाकून रंगमंचापाशी आले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आता पेच असा, की नाटक थांबवलं तर शांततेनं मोठे साहेब जागे होणार, आणि चालू ठेवलं तर आवाजानं जागे होणार. पॅकिंगच्या आठ जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि गाणं कुजबुजीत आणलं. 'साहेब थोडे हसले की' इतकं हळू, की शेवटचे 'दात' नुसते दिसले, ऐकू आले नाहीत.

आणि काय सांगू, तिथून पुढे सगळं नाटक असंच झालं. कारकुनांच्या कवायतीचा प्रवेश होता, तो सगळ्यांनी बूट काढून मोज्यांवर केला. ढोलकीवाल्यानं ढोलकी बाजूला ठेवून स्वतःच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. बायकोनं पेटीचा भाता इतका अलगद हलवला की सूर कुठून येतोय कळेना. साहेबाच्या जागी पडणारा प्रकाशसुद्धा इलेक्ट्रिशियननं मंद केला. विनोदाला हॉल हसत होता, पण रुमालात. दोनशे माणसांचे खांदे एका वेळी हलताहेत आणि आवाज नाही. मला वाटलं, मी पुन्हा स्टोअरमध्ये खुर्चीत आहे आणि कुणीतरी येऊन आता खांदा हलवणार. मी संहितेचा कागद चिमटीत धरून बघितला. कागद खरा होता.

आवकजावक हेल्मेट घालून तिसऱ्या पायरीवर पोचला. त्यानं पट्टा शिडीला अडकवला. आता शेवट, म्हणजे बँडसह कंपनीगीत. त्यासाठी लाउडस्पीकर लावला होता. माझे साहेब विंगेत धावत आले.

"बँड नको! बँड वाजला तर ते उठतील!"

"मग काय वाजवायचं, साहेब?"

"काहीतरी हळू हो! मंद काहीतरी! वहिनींना सांगा!"

सांगायची गरजच नव्हती. तिनं ऐकलं होतं. तिनं रंगमंचापलीकडून माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि सुरू केलं.

*घाई नाही, घाई नाही, आज मुळी मज घाई नाही…*

मी ते गाणं महिनाभर ऐकत होतो. पण ते त्या हॉलसाठीच केलंय हे मला तेव्हा कळलं. ऊन खरोखरच टेबलांवर सांडलं होतं. मागच्या रांगेतल्या फिटरनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ओतकामाच्या बायका एकमेकींना टेकून बसल्या. सेफ्टी ऑफिसर दाराशी उभे होते, ते तिथंच जमिनीवर बसले, जे नियमात बसत नाही. शिडीवर आवकजावक स्तब्ध उभा होता आणि प्रत्येक 'नाही'ला हळूच मान डोलावत होता.

दुसऱ्या कडव्याला माझ्या साहेबांच्या लक्षात आलं. "अहो! हे ते वगळलेलं नाही ना?"

"तेच आहे, साहेब."

"हिरवी शाई आहे त्यावर! थांबवा त्यांना!" असं म्हणून त्यांनी पाऊल पुढे टाकलं. मी त्यांचा हात धरला. मी एकोणीस वर्षांत त्यांच्या हाताला स्पर्श केला नव्हता. हात मऊ होता.

"तुम्हीच थांबवा, साहेब," मी म्हणालो. "पण मध्येच थांबलं, तर ते उठतील."

हे मी बोललो की आणखी कुणी, याबद्दल मी बराच वेळ साशंक होतो. साहेब जागच्या जागी थांबले. मी हात सोडला नाही. आम्ही दोघांनी तसंच उभं राहून शेवटपर्यंत गाणं ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, शेवटच्या ओळीला साहेबांनीच माझा हात जरा दाबला.

गाणं संपलं. टाळ्या वाजवायची सोय नव्हती. कुणी हललं नाही. त्या शांततेत मोठ्या साहेबांनी डोळे उघडले आणि बराच वेळ समोर बघत राहिले. मग उठून उभे राहिले. सगळा हॉल उभा राहिला.

"मला फार वर्षांनी स्वप्न पडलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज भाषणातला नव्हता. "मी फिटर होतो. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. कुठल्यातरी घराच्या उंबऱ्यात दार बसवत होतो, आणि आत कोणीतरी गात होतं." खिशातून रुमाल काढून त्यांनी चेहरा पुसला. मग घड्याळात बघून म्हणाले, "असो. नाटक कधी सुरू होतंय?"

"झालं, सर," माझे साहेब म्हणाले. "फार यशस्वी झालं."

त्या संध्याकाळी मी पेटी उचलून घरी निघालो. बायको बाजूनं चालत होती.

"जड आहे का?" तिनं विचारलं.

"नाही." थोडं चालून मी म्हणालो, "माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. दोन दिव्यांचे खांब मागे पडले. मग म्हणाली, "मी गाताना मध्येच डोळे उघडले होते. विंगेत साहेबांचा हात धरून उभे होतात."

"मी त्यांना अडवत होतो!"

"ते दिसलंच. पण लग्नाला बावीस वर्षं झाली, माझा हात कधी असा धरला नाहीत."

मी पेटी डाव्या हातात घेतली. फार जड होती. पण उजवा हात मोकळा झाला.

सोमवारी बैठक झाली. मंगळवारी परिपत्रक निघालं. स्टोअरच्या उपव्यवस्थापकपदी आवकजावकची नेमणूक करण्यात येत आहे. मी ते तीनदा वाचलं. मग साहेबांकडे गेलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तुमचंच नाव घेतलं होतं हो. पण मोठ्या साहेबांनी डोळे उघडले तेव्हा समोर तो उभा होता. हेल्मेट घालून, पट्टा लावून, मान डोलावत. ते म्हणाले, असा सावध माणूस वर हवा."

सहा वर्षं! पण खरं सांगायचं तर घरी जाताना मला रडू आलं नाही, आणि मला त्याचा जरा रागच आला. जिन्यात काका भेटले. त्यांना सगळं कळलेलं होतंच.

"बूट, बूट!" ते म्हणाले. "मी सांगितलं होतं बुटाकडे बघा. तुम्ही गाणं ऐकत बसलात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते 'वही नाही'वालं कडवं मला लिहून द्याल का?"

आवकजावकनं प्लॅस्टिक काढून खुर्ची घेतली. पहिल्याच दिवशी तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, उपव्यवस्थापकानं काय करायचं असतं?" मी सांगितलं. त्यानं मान डोलावली. तेव्हापासून असंच चाललंय. रोज सकाळी तो विचारतो, मी सांगतो, तो होय म्हणतो. कागदावर तो माझा साहेब आहे. आम्ही दोघांनीही हे वर कळवलेलं नाही.

महिन्याभरानं ओतकामाच्या बायका आणि पाच-सहा फिटर स्टोअरच्या खिडकीशी आले. मला वाटलं, काही सामान हवं असेल. त्यांच्यातली वयानं मोठी होती ती म्हणाली, "वहिनींना विचारा ना, आम्हाला गाणं शिकवतील का? आम्ही कँटीन मागून घेतलंय. शनिवारी, काम सुटल्यावर."

मी म्हणालो, "मी नाही विचारत. तुम्हीच विचारा. ती हो म्हणते की नाही, ते तिचं."

ती हो म्हणाली. आता दर शनिवारी दुपारी ती कँटीनमध्ये शिकवते. सेफ्टी ऑफिसर येतात, आणि त्यांचा आवाज, कुणाला खरं वाटणार नाही, लोण्यासारखा आहे. काकासुद्धा बस पकडून येतात. पहिल्या शनिवारी मीही गेलो आणि नवरा या नात्यानं पहिल्या रांगेत जाऊन बसलो. तिनं प्रत्येकाला सा लावायला सांगितला. माझी पाळी आली. मी डोळे मिटून, मनापासून लावला.

तिनं पेटीवरचं बोट उचललं.

"अहो," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्ही मागे बसा. अगदी मागे. आणि आत्ता नुसतं ऐका."

लोक हसले. मी उठलो, माझी सतरंजीची घडी उचलली आणि शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून बसलो. तिथून ती फार छान दिसते.